काखेतला कळसा: चांदीच्या एका पात्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील एका कला महाविद्यालयाच्या धातुकाम विभागातील आहे आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात घडलेले आहे. विद्यार्थिनी अंतिम वर्षाची होती आणि मी तिची मार्गदर्शक शिक्षिका होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत, पण कामाचा क्रम, मापे आणि चुका वहीत नोंदल्या गेल्या तशाच ठेवल्या आहेत. त्या चुकांपैकी निदान दोन माझ्या आहेत, हे सुरुवातीलाच नोंदवते.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने एक मोठे पात्र स्वतःच्या हाताने, एका अखंड पत्र्यातून ठोकून घडवावे आणि त्याला स्वतःचे असे काही म्हणणे असावे, अशी आमच्याकडील अपेक्षा आहे. यातील पहिली अट समजायला सोपी आहे. दुसरी अट विद्यार्थ्यांना फार गोंधळात टाकते, कारण ‘अभिव्यक्ती’ हा शब्द कानावर पडला की पात्र वाकडे केले पाहिजे किंवा त्याला भोक पाडले पाहिजे, अशी बऱ्याच जणांची समजूत होते. म्हणून वर्गात आम्ही दोन उदाहरणे नेहमी शेजारी ठेवतो. पहिले उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छमध्ये नावाजलेल्या भुजच्या ओमरसी मावजी यांच्या चांदीकामाचे असते, ज्यात वेलबुट्टी आणि प्राणी इतके दाट असतात की मोकळी जागा शोधावी लागते. दुसरे इंग्लंडच्या गेराल्ड बेनी यांचे असते. त्यांच्या चांदीवरचा झाडाच्या सालीसारखा पोत खराब झालेल्या तोंडाचा हातोडा चुकून वापरला गेल्यामुळे सापडला, असे सांगतात. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते. त्या एका अपघातानंतर बेनींनी तोच पोत वर्षानुवर्षे ठरवून, नियंत्रणाने काढला, हा तिचा पुढचा भाग मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि या प्रकरणात नेमका तोच भाग कामाचा ठरला.

विद्यार्थिनी सातारा जिल्ह्यातील होती. तिच्या आजीकडे एक जुनी तांब्याची कळशी होती, जिच्या एका कुशीला वर्षानुवर्षे कमरेवर टेकवल्यामुळे आणि विहिरीच्या काठावर आपटल्यामुळे मोठा पोचा आला होता. आजीने तो कधी काढून घेतला नाही, कारण कळशी त्या बाजूने कमरेवर नीट बसत असे. विद्यार्थिनीला हाच पोचा चांदीत, लहान आकारात, पहिल्यापासून ठरवून घडवायचा होता: ज्या पात्राच्या एका बाजूला कमरेची जागा आधीच राखलेली आहे असे पात्र. कल्पना उत्तम होती आणि तिला मी मनापासून मान्यता दिली.

आराखडा आणि सुरुवातीचे निर्णय

ठरलेले पात्र पोटाशी ९० मिलिमीटर रुंद आणि ११० मिलिमीटर उंच होते. अशा पात्रासाठी चकती किती मोठी घ्यावी, याचा कामचलाऊ नियम म्हणजे सर्वांत मोठी रुंदी आणि उंची यांची बेरीज. त्याप्रमाणे २०० मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची चकती ठरली. डिसेंबर २०२३ मध्ये चांदीचा भाव किलोला सुमारे ७५ हजार रुपये होता. झवेरी बाजारातील पत्रा ओढून देणाऱ्या एका कारखान्यातून आणलेली चकती ३२५ ग्रॅम भरली आणि जीएसटी धरून खर्च २५ हजारांच्या थोडा वर गेला. हे पैसे तिने सुट्टीत एका दागिन्यांच्या दुकानासाठी रेखाटने करून साठवले होते. हा तपशील भावनिक परिणामासाठी दिलेला नाही. पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी चकती दुसऱ्यांदा विकत घेता येणार नाही हे गृहीत धरले गेले, म्हणून तो सांगणे भाग आहे.

या टप्प्यावर तीन निर्णय झाले.

पहिला निर्णय धातूचा होता. शुद्ध चांदी घ्यावी की ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले तांबे असलेला मिश्रधातू घ्यावा? शुद्ध चांदी मऊ असते, हातोड्याला फार छान साथ देते आणि तापवताना काळवंडत नाही, पण पातळ भांडे लगेच चेपते. मिश्रधातू ताठ राहतो, मात्र त्यातील तांब्यामुळे प्रत्येक वेळी तापवताना ऑक्सिजन पृष्ठभागाखाली शिरतो आणि जांभळट करड्या सावलीसारखा डाग तयार होतो. तो डाग आम्लाने जात नाही, घासूनच काढावा लागतो. मी ९२.५ सुचवले. आता विचार केला तर त्यामागे पाठ्यक्रमाची सवय जास्त आणि या पात्राचा विचार कमी होता.

दुसरा निर्णय नमुन्याचा. चांदीला हात लावण्यापूर्वी तांब्यात नमुना करणे आमच्याकडे सक्तीचे आहे. तिने तो केला, पण वेळ आणि पत्रा वाचवण्यासाठी निम्म्या आकारात केला: १०० मिलिमीटरची चकती, जाडी ०.९ मिलिमीटर. नमुना सुरेख उतरला. कुशीतला खोलगट भाग सहज बसला, कुठेही तडा गेला नाही, आणि मी त्यावर सही केली. आकार निम्मा करताना जाडीही निम्मी करायला हवी होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही. निम्म्या आकाराच्या त्या नमुन्याची जाडी मूळ पात्राच्या हिशेबात १.८ मिलिमीटर होत होती. त्यामुळे चांदीच्या १ मिलिमीटर जाडीच्या चकतीत काय होईल, याबद्दल त्या नमुन्याने आम्हाला काहीही सांगितले नव्हते, किंबहुना चुकीचा भरवसा दिला होता.

तिसरा निर्णय क्रमाचा. आधी सरळ, गोल पात्र पूर्ण उभे करायचे आणि शेवटी त्याची एक कुशी आत दाबायची, असे तिने ठरवले, कारण आराखडा कागदावर तसाच दिसत होता: गोल कळशी आणि तिला आलेला पोचा.

अडचण

जानेवारी आणि फेब्रुवारीत काम नियमित चालले. एक फेरी म्हणजे बुडापासून काठापर्यंत हातोड्याचे एकेक वर्तुळ घेत पत्रा ऐरणीवर आत ओढायचा, मग संपूर्ण पात्र अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत, म्हणजे साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून मऊ करायचे, लाली गेल्यावर पाण्यात सोडायचे आणि सौम्य गंधकाम्लाच्या कुंडीत स्वच्छ करायचे. अशा सात फेऱ्यांत पात्र उभे राहिले. तोंड अजून ७० मिलिमीटर रुंद होते. मान आवळण्याचे काम शेवटी ठेवले होते, आणि ही गोष्ट पुढे आमच्या नशिबाची ठरली.

आठव्या फेरीपासून तिने कुशी दाबायला घेतली. पात्र वाळूच्या पिशवीवर आडवे ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने बाहेरून मारत चार फेऱ्यांत खोलगट भाग हवा तेवढा खोल झाला. आकार खरोखर जिवंत दिसत होता. विभागातील सगळे बघून गेले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, अकराव्या फेरीनंतर पात्र आम्लातून बाहेर काढले, तेव्हा खोलगट भागाच्या वरच्या कडेला १७ मिलिमीटर लांबीची केसासारखी तडा दिसली. उजेडासमोर धरल्यावर ती आरपार होती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा आणि प्रदर्शन होते. हाती साधारण सात आठवडे होते.

कारणाचा शोध

तडा कशामुळे गेली हे कळल्याशिवाय पुढे काही करू नये, असे मी सांगितले. हा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते, पण त्याची अंमलबजावणी आम्ही फार वाईट केली. पहिला संशय धातूवर गेला. लहान कारखान्यात मोडीची चांदी वितळवताना जुन्या डागाचे, म्हणजे सांधा जोडायला वितळवून वापरलेल्या धातूचे, शिसे किंवा कथील मिसळले, तर पत्रा ठिसूळ होतो, ही ऐकीव नसून खरी अडचण आहे. म्हणून विद्यार्थिनी पात्र घेऊन हॉलमार्किंग केंद्रात गेली. तिथल्या क्ष-किरण यंत्राने चांदीचे प्रमाण जवळजवळ ९४ टक्के दाखवले. आम्ही चक्रावलो. चकती ९२.५ ची सांगून जास्त शुद्ध कोण देईल? तिथल्या तंत्रज्ञाने उलगडा केला. वारंवार तापवून आम्लात टाकल्यामुळे पृष्ठभागावरचे तांबे निघून गेले होते आणि वर चांदीची पातळ, पांढरी साय तयार झाली होती. यंत्र फक्त ती साय वाचत होते. बुडाशी कानशीने थोडे खरवडून पुन्हा मोजल्यावर आकडा ९२.५ च्या आसपास आला, आणि शिसे किंवा कथील आढळले नाही.

मग संशय भट्टीवर, मग गॅसच्या ज्योतीवर, मग ती पात्र फार गरम असतानाच पाण्यात टाकते की काय यावर. यात दहा दिवस गेले. शेवटी मी तिला पुण्याला, कसबा पेठेतील तांबट आळीत, एका वयस्कर कारागिराकडे पाठवले. पेशवाईत कोकणातून येऊन तिथे वसलेल्या त्वष्टा कासारांच्या घरांपैकी ते एक घर. मी सोबत गेले होते, म्हणून पुढचे संभाषण मला आठवते तसे देते.

त्यांनी पात्र हातात घेतले, नखाने आधी चांगल्या बाजूला टिचकी मारली, मग खोलगट बाजूला. पहिला आवाज खणखणीत होता, दुसरा बद्द. मग त्यांनी अंगठा आत आणि तर्जनी बाहेर ठेवून भिंत चिमटीत धरली आणि चिमूट वरपासून खालपर्यंत फिरवली.

“पोरी, हे पापडासारखं झालंय इथे. मोजत नव्हतीस का?”

“मोजत होते काका. प्रत्येक फेरीनंतर.”

“मग?”

ती वही उघडून दाखवू लागली आणि मध्येच थांबली. वहीच्या उजवीकडच्या रकान्यात, बाकदार कॅलिपरने घेतलेली कुशीची जाडी स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती: आठव्या फेरीनंतर ०.९२, नवव्या फेरीनंतर ०.७१, दहाव्या फेरीनंतर ०.५८, अकराव्या फेरीनंतर ०.४६. समोरच्या बाजूला सगळीकडे १.०५. आकडे नोंदायचे असतात म्हणून तिने ते नोंदले होते आणि तपासायच्या असतात म्हणून मी दर आठवड्याला वहीवर सही केली होती. ते आकडे खाली येत आहेत, हे आम्ही दोघींनीही वाचले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आम्हाला त्यांनीच ऐकवली, आणि पात्र खरोखरच कळशीचे असल्यामुळे ती दोघींनाही चांगलीच लागली.

कारण साधे होते. पात्र उभे करताना पत्रा आत ओढला जातो, तेव्हा त्याचा घेर कमी होतो आणि भिंत आहे तशी राहते किंवा किंचित जाड होते. उभ्या झालेल्या भिंतीचा एक भाग बाहेरून दाबला की मात्र आजूबाजूचा धातू सरकून मदतीला येत नाही. तेवढाच भाग ताणला जाऊन पातळ होतो. खोलगट भागाच्या वरच्या कडेला वाकण्याचा आणि ताणण्याचा भार एकत्र येत होता, म्हणून तडा तिथे गेली.

समोर असलेले पर्याय

पर्यायांवर एका दुपारी सविस्तर चर्चा झाली. त्या वेळी विभागात आलेले एक पाहुणे कलावंतही बसले होते.

पाहुण्यांचा आग्रह होता की तडा तशीच ठेवावी. फुटलेल्या जपानी भांड्यांच्या सोनेरी सांध्यांचा दाखला देऊन त्यांनी, भेग हीच या पात्राची भाषा आहे, असे सांगितले. विद्यार्थ्यांना हे बोलणे फार भावले, आणि खरे सांगायचे तर सात आठवड्यांच्या दृष्टीने तो सर्वांत सोयीचाही मार्ग होता. मी विरोध केला. जपानी भांड्यातील सांधा हा दुरुस्तीचा असतो. ते भांडे पुन्हा वापरात येते. इथे तडा उघडी राहिली असती तर पात्रात पाणी ठरले नसते, आणि ज्या कळशीची आठवण ते सांगत होते तिचे सारे महत्त्व पोचा असूनही ती पाणी वाहत होती यातच होते. शिवाय ही तडा तिने काढलेली नव्हती, दुर्लक्षातून पडलेली होती. तिला नंतर हेतू चिकटवणे मला खोटेपणाचे वाटले. विद्यार्थिनी त्या चर्चेत गप्प होती. दुसऱ्या दिवशी येऊन तिने एवढेच सांगितले की गळणारे भांडे ती आजीला दाखवू शकणार नाही.

दुसरा पर्याय चकती वितळवून नवा पत्रा ओढून घेणे हा होता. धातू वाया गेला नसता, फक्त घट आणि मजुरी द्यावी लागली असती. पण अकरा फेऱ्या पुन्हा करायला किमान पाच आठवडे लागले असते, आणि जाड पत्रा हवा तर जास्तीची चांदी विकत घ्यावी लागली असती. भाव चढत होता. एप्रिलच्या मध्याला तो किलोला ८० हजारांच्या पुढे गेला. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. हाती तीन महिने असते, तर मी तोच सुचवला असता.

तिसरा पर्याय आतून चांदीचे ठिगळ डागून तडा झाकण्याचा. तो होण्यासारखा होता, पण ०.४६ मिलिमीटरच्या भिंतीवर ठिगळ बसवले तर त्याच्या कडेलाच पुढची तडा जाणार, हे उघड होते. पात्र कारागिराकडून पूर्ण करून घ्यावे, असेही एका सहकाऱ्याने सुचवले. त्यावर फार वेळ गेला नाही, कारण मग परीक्षा कोणाची, हा प्रश्न लगेच समोर आला.

पाचवा पर्याय पुण्याहून परतताना विद्यार्थिनीनेच काढला. तांबट आळीत तिने जुने गंगाजमनी लोटे पाहिले होते, ज्यात अर्धा भाग तांब्याचा आणि अर्धा पितळेचा असतो. पातळ झालेला संपूर्ण खोलगट भाग कापून काढावा आणि त्या जागी १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याचा, स्वतंत्रपणे खोलगट केलेला तुकडा बसवावा, असे तिने मांडले. आजीची कळशी तांब्याची होती, कमरेला लागणारी जागा तांब्याची होईल. मला यात एक धोका दिसत होता: हे चांदीच्या पात्राला लावलेले तांब्याचे ठिगळ दिसेल. दुसरा धोका अधिक गंभीर होता. तांबे आणि चांदी एकमेकांना टेकवून तापवली, तर ७७९ अंशांना त्यांच्या सीमेवर दोन्हीपेक्षा कमी तापमानाला वितळणारे मिश्रण तयार होते आणि सांधा आपोआप वाहू लागतो. ९२.५ चांदी स्वतः साधारण ८०० अंशांपर्यंत टिकते, तांबे तर १०८५ अंशांपर्यंत, पण जोडीने ती दोघे त्याआधीच हार खातात.

निर्णय

पाचवा पर्याय दोन अटींवर स्वीकारला. पहिली अट म्हणजे आधी पूर्ण आकाराचा आणि पूर्ण जाडीचा सांधा भंगारातल्या पत्र्यावर करून दाखवायचा. दुसरी अट अशी की पात्र पाण्याच्या चाचणीत टिकले नाही, तर ते अपूर्ण काम म्हणून, सर्व नोंदींसह मांडायचे. टिकल्याचे नाटक करायचे नाही. दुसरी अट लिहून घेतली, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी अशा तोंडी अटी वितळतात, हा अनुभव आहे.

सांधा कसा करायचा याबद्दल मतभेद झाले. मला चार मिलिमीटरची साधी एकावर एक कड पुरेशी वाटत होती. तांबटकाकांनी फोनवर ऐकून घेतले आणि सांगितले की मोठ्या हंड्याचे दोन भाग जोडताना कडेला दाते पाडतात, एक दाता आत, एक बाहेर असा, आणि त्यांच्यात दुसरी कड चावून बसवतात. मग डाग फक्त पाणी अडवतो, ओढ दाते पेलतात. पातळ भिंतीसाठी हे अधिक भरवशाचे होते आणि दात्यांची रांग गोधडीच्या टाक्यासारखी दिसणार, हेही विद्यार्थिनीच्या डोळ्यांसमोर आले. तिने दाते निवडले. तांबटकाका दोन दिवसांसाठी मुंबईला आले, भंगारावर सांधा करून दाखवला आणि परत गेले. चांदीला त्यांनी हात लावला नाही. तसे मी आधी सांगितले नव्हते. ते त्यांनीच पाळले.

प्रत्यक्ष काम

भंगारावरचा पहिला सांधा फसला, कारण तिने ७७० अंशांच्या आसपास वाहणारा कडक डाग वापरला आणि तांबे-चांदीची कड मेणासारखी ओघळली. दुसऱ्या वेळी सुमारे ७०० अंशांना वाहणारा मऊ डाग आणि टाकणखाराची दाट पेस्ट घेतली, ज्योत सरळ कडेवर न धरता आजूबाजूच्या जाड भागावर फिरवली आणि डाग वाहिल्याबरोबर काढून घेतली. तो सांधा टिकला.

मग मूळ पात्र कापण्याची वेळ आली. खोलगट भाग लंबगोल आकारात कापताना करवत हातात तिने घेतली, पण पहिला काप घ्यायला तिला जवळपास अर्धा तास लागला. कापलेल्या तुकड्याच्या कडेला जाडी मोजून, ०.८ पेक्षा कमी भाग कुठेही राहणार नाही अशी रेषा आखली होती. या वेळी आकडे आम्ही दोघींनी मोठ्याने वाचले.

तांब्याच्या तुकड्याला एकोणीस दाते पडले. आतले दाते पात्रात घालून, रुंद तोंडातून लांब दांड्याची ऐरण आत नेऊन ते बसवता आले. मान आधीच आवळली असती, तर हे शक्यच झाले नसते. पात्र लोखंडी तारेने बांधून डागले आणि गडबडीत तारेसकट आम्लाच्या कुंडीत सोडले. लोखंड कुंडीत गेले की आम्लात विरघळलेले तांबे चांदीवर चढते. पात्र बाहेर आले ते गुलाबी होऊन. तार काढून, ताज्या आम्लात आणि बारीक वाळूने घासून ते पुन्हा पांढरे झाले, पण एक दिवस गेला.

पाण्याची चाचणी साधी होती. पात्र वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ, म्हणजे सुमारे साडेतीनशे मिलिलिटर, पाणी भरायचे आणि रात्रभर सोडायचे. पहिल्या सकाळी दोन दात्यांखाली ओले डाग होते. ती जागा पुन्हा डागल्यावर दुसऱ्या सकाळी कागद कोरडा होता. आतून कल्हई करावी का, असे कोणीतरी विचारले. मी मनाई केली, कारण चांदीवर कथील राहिले आणि पुढे कधी ते भांडे तापवावे लागले, तर कथील चांदीला खड्डे पाडते. पात्र फक्त पाण्यासाठी असेल, ताक किंवा सरबतासाठी नाही, असे ठरले.

मान आराखड्यापेक्षा रुंद राहिली. आवळण्यासाठी पुन्हा तापवणे म्हणजे सांधा धोक्यात घालणे होते. पृष्ठभागावरही आराखडा बदलला. आरशासारखी झिलई दिली असती, तर खालचा जांभळट डाग सर्वत्र उघडा पडला असता, आणि तो घासून काढायला भिंतीत जाडी उरलेली नव्हती. म्हणून बाहेरची पांढरी, मंद साय तशीच ठेवली, हातोड्याच्या खुणा शेवटच्या फेरीच्या राखल्या आणि फक्त काठ घोटून चमकवला.

परिणाम

पात्राचे अंतिम वजन ३०१ ग्रॅम भरले. परीक्षकांपैकी एकांनी पात्र उचलले, काही न सांगता त्यांचा हात तांब्याच्या खोलगट भागात बसला आणि मग त्यांनी माहितीपत्रक वाचले. माझ्या मते हा या कामाचा सर्वांत चांगला निकाल होता. दुसऱ्या परीक्षकांनी मानेची रुंदी आणि पोट यांचे प्रमाण जमले नसल्याचे स्पष्ट सांगितले, आणि ते खरे होते. दात्यांचा सांधा कोणी शिकवला, हे माहितीपत्रकात लिहिलेले होते, तरी त्यावरून स्वतंत्र प्रश्न विचारले गेले. तिने भंगारावरचे दोन्ही सांधे, फसलेला आणि टिकलेला, टेबलावर ठेवून उत्तर दिले. तिला प्रथम श्रेणी मिळाली, विभागात पहिला क्रमांक मिळाला नाही.

सध्या ती हुपरीत पैंजणांच्या एका कारखान्यासाठी नमुने करते. पात्र विकलेले नाही. ते सातारा जिल्ह्यात आजीच्या घरी आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा बदल क्रमाचा. खोलगट भाग हा पोचा म्हणून शेवटी न पाडता पहिल्या फेऱ्यांतच आकाराचा भाग म्हणून घेतला असता, तर कडेकडून धातू तिकडे आणता आला असता. आराखडा कागदावर गोल काढून त्याला नंतर खळगा दाखवला होता आणि धातूलाही आम्ही तीच आज्ञा दिली. आता विद्यार्थ्यांकडून बाजूच्या चित्राबरोबर प्रत्येक फेरीनंतरचा अपेक्षित आकार मातीत करून घेते.

नमुना लहान करायचा असेल, तर पत्राही त्याच प्रमाणात पातळ घ्यावा लागतो. नाहीतर पूर्ण आकाराचाच नमुना करावा. या एका चुकीवर माझी सही आहे. १.२ मिलिमीटरचा पत्रा घेतला असता, तर चकती सुमारे ३९० ग्रॅमची झाली असती आणि खर्च पाच हजारांनी वाढला असता, पण कदाचित बाकीचे काहीच घडले नसते. आणि शुद्ध चांदी? या विशिष्ट पात्रासाठी, ज्याला चेपण्याची भीती नव्हती, तीच बरी ठरली असती, असे मला आता वाटते. विभागातील दोन सहकाऱ्यांना तसे वाटत नाही.

जाडीच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे. त्यात मागच्या फेरीशी असलेला फरक लिहावा लागतो, आणि ०.६ मिलिमीटर ही थांबण्याची मर्यादा पहिल्याच पानावर लाल शाईने असते.

एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही. तांबटकाकांचे दोन दिवस, प्रवास आणि पुण्यातला त्यांचा बुडालेला धंदा यांचा मोबदला आधी ठरवायला हवा होता. तो आम्ही ते निघताना, दारात उभे राहून विचारला आणि त्यांनी संकोचाने फारच कमी सांगितला. शिकवणाऱ्या कारागिराला मानधन देण्यासाठी विभागाच्या हिशेबात सदरच नव्हते, त्यामुळे ती रक्कम शेवटी ‘गॅस व किरकोळ’ खाली लागली. ‘कारागीर मार्गदर्शन’ या नावाच्या वेगळ्या सदरासाठी अर्ज केला आहे. मंजुरी अजून आलेली नाही.